करपलं तेच टिकलं

प्रश्न : धान्य ओलीत कुजतं. मग हजारो वर्षांपूर्वीचा आहार मातीतून कळतो कसा?

उत्तर : चुलीत सांडून करपलेला दाणा कुजत नाही. आच साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअस असली आणि हवा कमी मिळाली, की त्याचा कोळसा होतो; मग बुरशी, कीड त्याला तोंड लावत नाही. आच आणखी वाढली तर नुसती राख. म्हणून उत्खननात जुन्या चुलीभोवतीची माती कधीही फेकू नये. प्रत्येक थरातली वीसएक लिटर माती वेगळी ठेवावी, पाण्याच्या पिंपात थोडी थोडी सोडून हलक्या हाताने ढवळावी. कोळसा तरंगतो; तो पाव मिलिमीटरच्या चाळणीवर धरावा आणि सावलीतच वाळवावा. उन्हात दाणे तडकतात आणि ज्या खाचेवरून गहू की जव हे ठरतं, तीच हरवते. मातीत न जळलेलं ताजं बी दिसलं, तर बहुतेक वेळा ते मुंग्या-उंदरांनी अलीकडे आणलेलं असतं.

जॉर्डनमधल्या शुबायका इथल्या चुलीत असेच काही मिलिमीटरचे काळे कण सापडले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतली बारीक भोकं दिसली आणि १४,४०० वर्षांपूर्वीची भाकरी हाती आली! रानटी धान्य आणि लव्हाळ्यासारख्या वनस्पतीचे कंद दळून केलेली. शेती तिथे त्यानंतर सुमारे ४,००० वर्षांनी आली.

मात्र पालेभाजी, कच्ची फळं अशी क्वचितच करपतात. कोळशात नाही म्हणजे खात नव्हते, हा निष्कर्ष चुकीचा.

प्रश्न : जुनं खापर सापडलं तर धुवावं का?

उत्तर : मुळीच नाही. खापराच्या छिद्रांत मुरलेली चरबी हाच पुरावा. बोटांचा घाम आणि प्लास्टिकमधली रसायनंही तिच्यात मिसळतात, म्हणून फॉइलमध्ये गुंडाळावं. प्रयोगशाळेत वरचा पापुद्रा खरवडून दोनेक ग्रॅम भुकटी घेतात. त्यातल्या मेदाम्लांमधल्या (चरबीच्या घटकांमधल्या) जड आणि हलक्या कार्बनच्या प्रमाणावरून दुधाची चरबी मांसाच्या चरबीपासून वेगळी काढता येते.

प्रश्न : उष्ट्या हाडांवरून माणसांचे संबंध कळतात?

उत्तर : कळतात, पण हाडं एकाच वेळची आहेत हे आधी थरांवरून पक्कं करावं लागतं. इस्रायलमधली हिलाझोन ताख्तीत ही सुमारे १२,००० वर्षांपूर्वीची दफनाची गुहा. तिथल्या दोन खड्ड्यांत निदान ७१ कासवं आणि तीन रानबैलांची हाडं निघाली. रानबैल ही एका कुटुंबाची शिकार नव्हे. कुणी हाकलायचं, कुणी मारायचं, चढावरच्या गुहेपर्यंत मांस कुणी वाहायचं, हे सगळं ठरवून माणसं मयतासाठी जमली होती आणि एकत्र जेवली होती.