आजोबांची पेटी आणि रशियन अक्षरं

प्रश्न: चवथीच्या साफसफाईत माळ्यावर आजोबांची पत्र्याची पेटी सापडली. आत डोक्यावर धातूची टोपी असलेला, जुन्या रेडिओतला व्हॉल्व्ह (काचेची नळी) आहे, त्यावर ‘एटीएस २५’ लिहिलंय. दुसरा लाल डबीसारखा, नऊ पिनांचा, त्यावर ‘व्हीआर ९१’. शिवाय इंग्रजी आणि रशियन अक्षरं असलेला, कुठल्याशा यंत्राचा पुढचा पत्रा. घरचे म्हणतात, १९६१ साली पोर्तुगीज सैनिक टाकून गेले. खरं का? – एक वाचक, डिचोली

उत्तर: आधी ते व्हॉल्व्ह पुसायचे थांबवा! त्यावरचं लिखाण म्हणजे नुसता रंग. फोंड्याच्या माझ्या दुकानात मी एकदा डझनभर व्हॉल्व्ह स्पिरिटनं चकचकीत केले आणि सगळे निनावी करून बसलो.

‘एटीएस २५’ हे ब्रिटिश लष्कराचं नाव. बाजारात तोच ८०७, विमानदलात व्हीटी ६०ए, आणि तिन्ही दलांच्या सामाईक यादीत सीव्ही १२४. लाल डबी म्हणजे ईएफ ५०. विमानदलाचा व्हीआर ९१, लष्कराचा एआरपी ३५, सामाईक यादीत सीव्ही १०९१. त्यामुळे एकच व्हॉल्व्ह चार नावांनी भेटतो आणि माणूस चार वेगळे समजून पैसे मोजतो. अमेरिकन सैन्याचेही ‘व्हीटी’ नंबर आहेत, पण ती यादी निराळी. दोन्हींची गल्लत करू नका.

रशियन अक्षरांनी फसू नका. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात बनलेल्या अनेक ‘वायरलेस सेट नंबर १९’वर दोन्ही लिप्या असत, कारण ते सेट सोव्हिएत सैन्यालाही जात. रणगाड्यातला सेट हा. वरचे दोन्ही व्हॉल्व्ह त्यात बसतात; पण ८०७ इतर शेकडो ठिकाणीही असे, म्हणून खरा साक्षीदार तो पत्राच.

राहिले पोर्तुगीज. तुम्ही लिहिलेल्या खुणांत त्यांच्याकडे बोट दाखवणारं काहीच नाही. युद्धानंतर असला माल लिलावात, भंगारात ढिगानं आला. आजोबांना तो कुठून मिळाला, ते व्हॉल्व्हवर लिहिलेलं नसतं.

पेटीत अंधारात चमकणारी तबकडी असेल तर खरवडू नका, त्या रंगात रेडियम असू शकतं. आणि काहीही घरच्या विजेला जोडू नका. हा सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चाले, पण त्याचा डायनमोटर (बॅटरीवर फिरून व्होल्ट वाढवणारं यंत्र) त्यातून ५०० व्होल्टपर्यंत काढी.

पत्र्याचा फोटो पाठवा. तिरप्या उन्हात काढा, म्हणजे पुसट ठसे उठून दिसतील. तीन रेघांचा बाण (ब्रिटिश सरकारी मालाची खूण) दिसला तर मुद्दाम जवळून टिपा.