चालू घडामोडी: पाच वह्या भरूनही उत्तरे का चुकतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवसा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचे काम, रात्री अभ्यासिका, रोज दोन वर्तमानपत्रे, महिन्याला दोन मासिके आणि टेलिग्रामवर येईल ती पीडीएफ, आठ महिन्यांत पाच वह्या भरल्या, तरी सराव चाचणीत चालू घडामोडींच्या वीस प्रश्नांपैकी सहा-सातच बरोबर येतात. म्हणून आता आणखी कोणते मासिक लावावे, असे तुम्ही विचारले आहे. आणखी एकही लावू नये, आणि जी चालू आहेत त्यांतलीही निम्मी बंद करावीत, असे माझे मत आहे. त्याचे कारण सविस्तर सांगतो.

इथेच सोलापुरात राहून मी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या तीन पूर्व परीक्षा आणि राज्य आयोगाच्या राज्यसेवेच्या दोन मुख्य परीक्षा दिल्या आहेत, आणि वह्या मीही भरल्या आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेने महिला आरक्षणाचे विधेयक मंजूर केले, तेव्हा मी लाल शाईने '१२८ वी घटनादुरुस्ती' असे लिहून ठेवले आणि पुढच्याच सराव चाचणीत तो पर्याय निःशंक मनाने निवडून आलो. विधेयकाचा क्रमांक १२८ होता. कायदा झाला तो १०६ वी घटनादुरुस्ती म्हणून. घटनादुरुस्तीची विधेयके जितकी मांडली जातात तितकी सगळी मंजूर होत नाहीत, त्यामुळे हे दोन क्रमांक वेगवेगळे चालतात, एवढी साधी गोष्ट मी कधी तपासलीच नव्हती. मुख्य मुद्दा तर माझ्या वहीत नव्हताच: या दुरुस्तीने घातलेल्या कलम ३३४अ नुसार हे आरक्षण लगेच लागू होत नाही, दुरुस्तीनंतरच्या जनगणनेवर आधारित मतदारसंघ पुनर्रचनेनंतर ते लागू होते. मी बातमीचा मथळा पाठ केला होता, आणि आयोग मथळ्याखालचा कायदा विचारतो.

म्हणून बातमी वाचून झाली की तिचे मूळ कोणत्या कायद्यात, कोणत्या खात्यात, घटनेच्या कोणत्या कलमात किंवा भूगोलाच्या कोणत्या धड्यात आहे ते शोधावे, आणि वहीत बातमीपेक्षा या मुळाला जास्त जागा द्यावी. मी डावे पान बातमीला आणि उजवे पान मुळाला देत असे. डावे पान जेमतेम चार-पाच ओळींत संपे. उजवे भरायला कधीकधी दोन दिवस लागत.

आपल्या गावाचेच उदाहरण घेऊ. कांद्याचा भाव सोलापूरकरांना कोणी शिकवावा लागत नाही. हिवाळ्यात बाजार समितीबाहेर लाल कांद्याच्या गाड्यांची रांग लागली की तो हैदराबाद रस्त्यावरच समजतो. आता डावे पान पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले. ८ डिसेंबर २०२३ पासून, म्हणजे नेमका लाल कांदा बाजारात येत असताना, निर्यातबंदी आली. ४ मे २०२४ रोजी ती उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याहून कमी भावाने माल बाहेर पाठवता येत नाही) आणि ४० टक्के शुल्क यांच्यासह. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेले व शुल्क २० टक्क्यांवर आले, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही रद्द झाले. बहुतेक मासिके इथेच थांबतात, आणि तुमच्या वह्याही इथेच थांबल्या असाव्यात असा माझा अंदाज आहे.

उजव्या पानाची सुरुवात एका प्रश्नाने होते: हे सगळे निर्णय एकाच कार्यालयातून निघाले का? नाही. शुल्काची अधिसूचना अर्थ मंत्रालयाकडून निघते. निर्यातबंदी आणि किमान निर्यात मूल्य यांच्या अधिसूचना वाणिज्य मंत्रालयाखालील विदेश व्यापार महासंचालनालय काढते, आणि त्याचा अधिकार १९९२ च्या विदेश व्यापार कायद्यातून येतो. भाव चढू नयेत म्हणून राखीव साठ्यासाठी नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था जी खरेदी करतात, ती ग्राहक व्यवहार विभागाच्या किंमत स्थिरीकरण निधीतून होते. शेती आणि बाजार हे राज्यसूचीतले, म्हणजे राज्याने कायदे करायचे विषय आहेत, परदेशाशी होणारा व्यापार संघसूचीत, म्हणजे केंद्राकडे आहे. त्यामुळे बाजार समिती राज्याच्या कायद्याने चालते आणि तिथला भाव मात्र दिल्लीच्या एका अधिसूचनेने पडतो. त्याच पानावर १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा येतो. त्यात २०२० मध्ये झालेली दुरुस्ती तीन कृषी कायद्यांपैकीच एक होती, आणि २०२१ मध्ये तिन्ही कायदे मागे घेतले गेले तेव्हा तीही गेली. 'ती दुरुस्ती अजून लागू आहे' हा पर्याय खरा मानणारे मी अभ्यासिकेत बरेच पाहिले आहेत.

एवढे एक पान नीट झाले की राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था आणि कृषी या तिन्ही घटकांची उजळणी होते, आणि मुख्य परीक्षेच्या उत्तराला लागणारा ऐवजही हाताशी येतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, तेव्हा ही दुसरी बाब तुम्ही हलक्यात घेऊ नये.

दुसरे उदाहरण बार्शी रस्त्यावरच्या नान्नजचे. १९७९ मध्ये जाहीर झालेले माळढोक पक्षी अभयारण्य आपल्या जिल्ह्यात आहे हे तुम्हाला ठाऊक असणारच. त्याचे सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर क्षेत्र २०१२ मध्ये सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. पण माळढोकाची बातमी बहुतेक वेळा राजस्थान आणि गुजरातमधून येते, कारण वीजवाहिन्यांना धडकून मरणाऱ्या माळढोकांचा खटला तिथला आहे. तिथल्या वीजवाहिन्या जमिनीखालून नेण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो बदलताना न्यायालयाने तज्ज्ञ समिती नेमली, आणि हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क कलम १४ आणि २१ मधून निघतो असे म्हटले. आता ही बातमी पर्यावरणाच्या वहीत लिहायची की राज्यव्यवस्थेच्या? मी दोन्हीकडे लिहिली आणि एकीकडे दुसऱ्या पानाचा क्रमांक टाकला. वन्यजीव संरक्षण कायद्याची पहिली अनुसूची, २०२२ च्या दुरुस्तीने सहाच्या चार झालेल्या अनुसूची, फेब्रुवारी २०२० मध्ये गांधीनगरच्या परिषदेत स्थलांतरित प्रजातींच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात माळढोकाचा झालेला समावेश, हे सगळे त्याच उजव्या पानावर बसते. (नान्नजला मी तीनदा गेलो, काळवीट भरपूर दिसले, माळढोक एकदाही नाही.)

भौगोलिक मानांकनाचे, म्हणजे एखाद्या ठिकाणच्या खास मालाला मिळणाऱ्या जीआय नोंदणीचेही असेच आहे. सोलापुरी चादर, मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आणि सोलापूरचे डाळिंब ही नावे आपल्याला सहज आठवतात. पण प्रश्न १९९९ च्या कायद्यावर, चेन्नईच्या नोंदणी कार्यालयावर आणि दहा वर्षांनी कराव्या लागणाऱ्या नूतनीकरणावर येतो.

काय सोडावे याबाबत मी काहीसा कठोर आहे. कोणी कोणाची भेट घेतली, कोणत्या पक्षाचा प्रवक्ता काय म्हणाला, कोणत्या दिनाचे यंदाचे घोषवाक्य काय, हे केंद्रीय परीक्षेसाठी जवळपास निरुपयोगी आहे. राज्यसेवेत आणि त्याहून जास्त गट ब, गट क च्या परीक्षांत पुरस्कार, नियुक्त्या, क्रीडा असे थेट प्रश्न येतात, म्हणून त्यांच्यासाठी शेवटच्या दोन महिन्यांत एक संकलन दोनदा वाचावे. वर्षभर रोज टिपणे काढण्याइतकी त्यांची योग्यता नाही. वर्तमानपत्र एकच ठेवा आणि त्याला पाऊण तास द्या. सरकारी योजना आणि निर्णय यांसाठी पीआयबीवरचे (केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचे) मूळ निवेदन वाचा, कारण मासिकात उतरताना लाभार्थी कोण आणि खर्चात केंद्राचा वाटा किती हेच दोन तपशील गळतात, आणि आयोग नेमके तेच विचारतो. मार्चमध्ये अर्थसंकल्पाच्या आधी मांडली जाणारी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी मराठीत मिळते. तिचे कृषी आणि सिंचनाचे भाग वाचले की उजनी धरणाच्या बातम्याही जास्त समजू लागतात.

किती महिन्यांच्या घडामोडी कराव्यात, याला माझे उत्तर पूर्व परीक्षेच्या आधीचे बारा ते अठरा महिने असे आहे. महिला आरक्षण किंवा कांद्यासारखा विषय मात्र महिन्यांत मोजता येत नाही. तो ज्या दिवशी सुरू झाला तिथपर्यंत मागे जावे लागते.

२०२३ पासून केंद्रीय पूर्व परीक्षेत 'वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत' असे प्रश्न मोठ्या संख्येने आले आहेत. त्यांत एखादे विधान ओळखून पर्याय गाळण्याची जुनी युक्ती चालत नाही, प्रत्येक विधान माहीत असावे लागते. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण जातात, त्यामुळे अर्धवट ओळखीच्या पाचशे बातम्यांपेक्षा पूर्ण समजलेल्या दीडशे बातम्या पदरात अधिक गुण टाकतात, असा माझा अनुभव आहे.

राहिल्या तुमच्या पाच वह्या. त्या फेकू नका. येत्या रविवारी गेल्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन बसा, चालू घडामोडींशी नाते असलेला प्रत्येक प्रश्न कोणत्या कायद्याकडे किंवा संस्थेकडे बोट दाखवतो ते समासात लिहा, आणि मग पहिली वही उघडून ज्या नोंदींना असे मूळ सापडते तेवढ्याच नव्या वहीत उतरवा. माझ्या पाच वह्यांची अशी एक वही झाली होती, तीही दोनशे पानी. कारखान्याची पाळी सांभाळून या कामाला साधारण पाच आठवडे लागतील. तेवढे दिवस नवी मासिके उघडली नाहीत तरी चालेल. वर्तमानपत्र मात्र चालू ठेवा.