चर्चला गेलं की झालं का?

प्रश्न : ऑफिसातली मैत्रीण कॅथलिक आहे. दर रविवारी चर्च, आणि आता उपवासकाळ म्हणून मटण-चिकन बंद. ख्रिस्ती म्हणून जगायचं म्हणजे एवढंच असतं का हो? – एक वाचक, नगर

उत्तर : नाही हो ताई, हे वरवरचं झालं. हा उपवासकाळ राखेच्या बुधवारपासून (कपाळाला राख लावतात तो दिवस) ईस्टरच्या सणापर्यंत, मधले रविवार सोडून ४० दिवस, पण त्यात नुसतं खाणं सोडायचं नसतं, वाचलेले पैसे कुणाला तरी द्यायचे असतात आणि तेही गाजावाजा न करता. खरी अवघड गोष्ट वेगळीच आहे. बायबलमधल्या मत्तयच्या पुस्तकात, ५व्या अध्यायात येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याबद्दल काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. आता बांधावरून वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या भावांनी हे करून बघावं म्हणजे कळेल! मटण सोडणं त्यामानाने सोप्पं.

बाकी आपल्याकडचं उदाहरण हवं तर ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाई. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः जाऊन उपाशी, निराधार मुली-बायकांना पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेऊन आल्या, त्यांना नुसतं जेवू घातलं नाही तर शिकवलं, हाताला काम दिलं. भुकेल्याला जेवण, परक्याला आसरा हे मत्तयच्या २५व्या अध्यायात अगदी स्पष्टच आहे.

आणि मैत्रिणीला डब्यातलं अंडं चालतं का ते तिलाच विचारा, घराघरात वेगळं असतं.