रणथंबोरला कॅन्टरची एकच फेरी घ्यायची असेल, तर ती सकाळची घ्यावी की दुपारची?

आपण विचारले आहे की, डिसेंबरच्या सुट्टीत वयस्कर आईवडिलांना घेऊन राजस्थानातल्या रणथंबोरच्या व्याघ्र प्रकल्पात जायचे आहे, कॅन्टरची, म्हणजे वीस आसनांच्या मोठ्या उघड्या सफारी गाडीची, एकच फेरी खर्चात बसते, तेव्हा ती सकाळची घ्यावी की दुपारची आणि झोन, म्हणजे सफारीसाठी पाडलेला जंगलाचा विभाग, कोणता मागावा. माझे उत्तर स्पष्ट आहे: दुपारची घ्या. ‘जंगल पहाटेच पाहावे’ हे वाक्य आपल्याला प्रत्येक जण ऐकवील. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, हे वाक्य गेली कित्येक वर्षे ऐकवत आले आहेत आणि त्याची किंमत माझ्या आईने मोजली आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही जानेवारीत गेलो होतो. आई तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती. मी दुपारची फेरी सुचवली, तेव्हा दाजी म्हणाले, “वाघ पहाटे फिरतो, दुपारी झोपतो. इतक्या लांब येऊन झोपलेले जंगल काय पाहायचे?” त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. वाघ रात्री आणि पहाटे आपल्या हद्दीत फेरी मारतो, आणि रस्त्यावरून गाड्या गेलेल्या नसल्यामुळे धुळीतले त्याचे ठसे सकाळी ताजे व स्वच्छ वाचता येतात. त्या दिवशीही ठसे मिळाले. परंतु कॅन्टरला ना छप्पर असते ना काचा. गाडी चालू लागली की रणथंबोरलगतच्या सवाई माधोपूरचे जानेवारीतले वारे थेट तोंडावर येते. स्वेटर, शाल आणि कानटोपी असूनही आई पहिल्या अर्ध्या तासातच थरथरू लागली. तलावांवर धुके होते. काठावरची सांबरेसुद्धा नीट दिसत नव्हती, आणि ऊन पसरेपर्यंत चितळेही मोकळ्यावर आली नाहीत.

मग डाव्या हाताच्या दरीतून वानर खाकरले, पाठोपाठ सांबराचा कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा देणारी हाक, आला, आणि वाघ चालत असल्याचे गाईडने सांगितले. आमच्या मागे असलेली जिप्सी, म्हणजे सहा जणांची लहान उघडी गाडी, तिथल्या तिथे वळली आणि निघून गेली. आमची कॅन्टर त्या अरुंद रस्त्यावर वळूच शकत नव्हती. जागा मिळेपर्यंत पुढे जाऊन, वळून आम्ही परत आलो, तेव्हा जिप्सीतल्या सहा जणांनी वाघ रस्ता ओलांडताना पाहिला होता आणि आमच्या वाट्याला फक्त झाडावर बसलेले वानर आले. दाजी म्हणाले, “आज नशीब नव्हते.” मला ते तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. वाघ चालता असेल, तर त्याच्या मागावर जाणे हे लहान गाडीचे काम आहे. वीस माणसांची मोठी गाडी चालत्या वाघाशी जुळवून घेऊ शकत नाही. कॅन्टरने जाणाऱ्याने, वाघ एका जागी बसलेला असण्याची शक्यता ज्या वेळी अधिक, ती वेळ निवडली पाहिजे. सकाळ-दुपारच्या वादात वाहनाचा विचार कोणी करीत नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

पुढच्या वर्षी मे महिन्यात मी आईला पुन्हा घेऊन गेलो आणि हट्टाने दुपारचीच कॅन्टर घेतली. दाजी आले नाहीत. ऊन भयंकर होते, ओला पंचा डोक्यावर घेऊन बसावे लागले. पदम तलावात सांबरे पोटापर्यंतच्या पाण्यात उभी राहून पाणवनस्पती खात होती आणि काठावर मगरी पडलेल्या होत्या. राजबाग तलावाशी पोहोचलो, तर पडक्या कमानींच्या सावलीत एक वाघीण पहुडलेली होती. थोड्या वेळाने ती उठली, पाठमोरी होऊन आधी मागचा भाग पाण्यात बुडवला आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसून राहिली. उन्हाळ्यात वाघाला उष्मा सोसत नाही, तो पाणी सोडून लांब जात नाही, हे त्या वेळी प्रत्यक्ष पाहिले. गाडी वळवायची नव्हती की कोणाच्या मागे धावायचे नव्हते. आम्ही सुमारे पाऊण तास तिथे थांबलो. आई एक शब्द बोलली नाही. परतताना तिने माझा हात धरून ठेवला होता.

दाजी आजही म्हणतात की ते नशीब होते. माझ्या मते ती ऋतू, वेळ आणि वाहन यांची सांगड होती.

आता आपल्या डिसेंबरबद्दल. मे महिन्याचा अनुभव तसाच्या तसा डिसेंबरला लागू पडत नाही, हे मान्य केले पाहिजे. पावसाळा संपून फार दिवस झालेले नसल्यामुळे जंगलात पाणी बऱ्याच ठिकाणी असते, त्यामुळे वाघ तलावाला बांधलेला नसतो, आणि दुपारी तो हमखास दिसेल असे मी म्हणणार नाही. तरीही दुपारी धुके नसते, हरणे उन्हात चरताना दिसतात आणि आईवडील साडेतीन तास शांतपणे बसू शकतात. थंडीने आखडलेल्या माणसाला समोर वाघ आला, तरी त्याचे काय सुख? केवळ पक्षी पाहायचे असतील, तर सकाळच चांगली. जिप्सी परवडत असेल आणि सोबत तरुण मंडळीच असतील, तर सकाळच्या फेरीला माझा विरोध नाही. झोनच्या बाबतीत इतकेच सांगतो की पदम तलाव आणि राजबाग तीन नंबरच्या झोनमध्ये येतात. तो मिळाला नाही, तरी दुपारची वेळ सोडू नका.

आईवडिलांच्या शाली मात्र सोबत ठेवा, कारण डिसेंबरात सूर्य डोंगराआड गेला की, फाटकाबाहेर पडेपर्यंत उघड्या गाडीत गारठा जाणवू लागतो.