सरकारी शाळेत मुलांवर गणवेशाची सक्ती असावी का? पालकांचे खरे मत काय असते?

गणवेश असावा, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत तर असावाच, हे माझे मत आधीच सांगून टाकतो. आपण प्रश्नाखाली लिहिले आहे की सरकारी शाळांतील पालकांना गणवेश म्हणजे वरून लादलेला ताप वाटतो आणि मुलांना घरच्या कपड्यांत येऊ द्यावे असे त्यांचे म्हणणे असते. हे म्हणणे मी आजवर एकाही पालकाच्या तोंडून ऐकलेले नाही. मी व्यवसायाने शिंपी आहे, माझी दोन्ही मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकतात आणि त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी पालक सदस्य आहे. त्यामुळे गणवेशाची तक्रार असलेला माणूस एक तर माझ्या दुकानात येतो, नाही तर समितीच्या बैठकीत भेटतो. गणवेश नको, अशी तक्रार त्यांत कधीच नव्हती. तक्रारी असत त्या मापाच्या, कापडाच्या, तो हातात पडण्याच्या तारखेच्या आणि हे सगळे कोणी ठरवायचे याच्या.

ज्या घरात मुलाचे धड असे दोनच जोड असतात, त्या घरातल्या आईला गणवेश का हवा असतो हे फार फोड करून सांगण्याची गरज नाही. मात्र गणवेशाने गरीब-श्रीमंत भेद मिटतो असे जे भाषणांतून सांगितले जाते, ते मला अर्धेच पटते. सगळ्यांच्या अंगावर निळाच शर्ट असला तरी कोणाचा शर्ट थोरल्या भावाकडून उतरलेला आहे, हे वर्गातल्या पोरांना एका नजरेत कळते. भेद मिटवायचा असेल तर गणवेश सर्वांना, एकाच वेळी आणि प्रत्येकाच्या अंगाला बसेल असा मिळाला पाहिजे. यांतली एक जरी गोष्ट चुकली तरी तोच गणवेश भेद दाखवू लागतो.

आपल्या महाराष्ट्रात हे बरीच वर्षे चुकत होते. शाळांतील सर्व मुलींना गणवेश मोफत मिळे, पण मुलग्यांमध्ये फक्त अनुसूचित जाती-जमातींतील आणि दारिद्र्यरेषेखालील घरांतील मुलांना मिळे. बाकीचे मुलगे त्याच बाकावर बसत आणि यादीत नसत. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसलेला, पण रोजंदारीवर जाणारा बाप मुलाला घेऊन दुकानात येई आणि विचारी, की शेजारच्याला मिळाला तर याला का नाही. काही गावांत लोकवर्गणीतून वेळ निभावून नेत, काही ठिकाणी तेही होत नसे. २०२३-२४ पासून शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या सर्वच मुलांना गणवेश देण्याचा निर्णय झाला. तो शंभर टक्के योग्य होता आणि त्याबद्दल मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे.

पैशांचे म्हणाल तर पूर्वी दोन गणवेशांचे ४०० रुपये मिळत. २०१८ मध्ये समग्र शिक्षा ही शालेय शिक्षणाची केंद्राची योजना सुरू झाल्यावर ते ६०० झाले, म्हणजे एका गणवेशाला ३००. मधल्या काळात, २०१७ च्या सुमारास, ही रक्कम मुलाच्या आणि आईच्या संयुक्त बँक खात्यात जमा करण्याची पद्धत आली. पालकाने आधी पदरचे पैसे घालून गणवेश घ्यायचा, पावती दाखवायची आणि मग खात्यात पैसे येण्याची वाट पाहायची, असा तो क्रम होता. चारशे रुपयांसाठी खाते उघडायला मजुरी बुडवून बँकेत खेटे घालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ती पद्धत मागे पडली, हे बरेच झाले.

माझ्या जिव्हारी लागलेली गोष्ट मात्र २०२४ ची आहे, आणि आपला प्रश्न वाचून मी लिहायला बसलो तो तिच्यामुळेच.

राज्यभर सर्वांना एकसारखा गणवेश देण्याची योजना ‘एक राज्य, एक गणवेश’ या नावाने २०२३ मध्ये जाहीर झाली होती. आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट किंवा स्कर्ट, असा तो रंग. तोवर अनेक शाळांच्या व्यवस्थापन समित्यांनी कापडाची मागणी नोंदवून टाकली होती, म्हणून पहिल्या वर्षी एक गणवेश योजनेचा आणि एक समितीच्या पसंतीचा अशी तडजोड झाली. २०२४-२५ मध्ये कापडाची खरेदी एकाच ठिकाणाहून झाली, एका गणवेशाची शिलाई महिला बचत गटांकडे सोपवली गेली आणि दुसऱ्या, स्काउट-गाइडच्या गणवेशाचे कापड शाळांकडे पाठवून ते स्थानिक पातळीवर शिवून घ्यायला सांगितले गेले. शिलाई आणि किरकोळ खर्च धरून त्यासाठी एका गणवेशामागे ११० रुपये ठरले होते. शाळा जूनमध्ये उघडल्या. १५ ऑगस्टला आमच्या शाळेची मुले झेंड्यापुढे रंगीबेरंगी कपड्यांत उभी होती, आणि अशा शाळा राज्यात पुष्कळ होत्या.

पुढे गणवेशाचे गठ्ठे आले तेव्हा मुख्याध्यापकांनी मला बोलावले, कारण वाटप सुरू होताच मुले कपडे परत आणून ठेवू लागली होती. पाचवीच्या वर्गातले दोन मुलगे माझ्यासमोर उभे केले. एक अंगाने बारीक आणि ठेंगणा, दुसरा सातवीत शोभेल असा उंच. दोघांच्याही हातात एकाच मापाचे कपडे होते, कारण माप मुलाचे नव्हते, इयत्तेचे होते. एकाला पँट कमरेवर धरून चालावे लागत होते, दुसऱ्याचे बटण काजापर्यंत पोहोचतच नव्हते. मी एक पँट उलटी करून टेबलावर पसरली. मुलांचे कपडे शिवणारा कोणताही शिंपी बाजूच्या शिवणीत निदान बोटभर माया, म्हणजे जादा कापड, सोडतो आणि खाली चांगली दोन इंचांची दुमड ठेवतो, म्हणजे दिवाळीनंतर मूल वाढले की शिवण उसवून कपडा सैल करता येतो, दुमड सोडून लांबी वाढवता येते. या पँटीत माया जेमतेम सुईच्या टिपेपुरती होती आणि खालची दुमड इतकी अरुंद की उसवली तर कडच निसटली असती. काजांचे दोरे सुटत होते. दुसऱ्या गणवेशाचे कापड तर आमच्याकडे आधीच कापून आले होते. सैल कपडा आत घेता येतो. पण कापडच कमी कापले असेल तर जगातला कोणताही कारागीर ते वाढवून देऊ शकत नाही.

यात बचत गटांतील बायकांना दोष देणाऱ्यांशी मी तेव्हाही भांडलो होतो. त्यांनी ती मुले पाहिलेली नव्हती, मापे त्यांनी घेतलेली नव्हती, कापड त्यांनी निवडलेले नव्हते. मोठ्या मुलाचा शर्ट आणि पूर्ण लांबीची पँट दोन्ही ठरवून दिलेल्या दरात शिवून त्यात दोरा, बटणे, विजेचे बिल आणि स्वतःची मजुरी भागवायची, हे मशीनवर बसणाऱ्या माणसाला विचारावे.

पुढच्या बैठकीत मी ती उलटी केलेली पँट सर्वांसमोर ठेवली आणि मागणी केली की ही तक्रार लेखी वर कळवावी. त्यावर आमच्या समितीतील एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांचा मी आजही मान राखतो, मोठ्या आवाजात म्हणाले, “धर्माची गाय, तिचे दात काय मोजता? फुकट मिळतंय तर गप घ्यावं.” आणि मी उत्तर द्यायच्या आत पुढचे वाक्य आले, “तुम्हाला शिलाईचं काम पाहिजे, म्हणून तुम्ही नावं ठेवताय.” बैठकीत शिक्षक होते, मुलांच्या आया होत्या. कोणी काही बोलले नाही. बापाच्या काळापासून चालत आलेल्या दुकानाची पत अशा एका वाक्याने उतरते, हे ज्यांचा धंदा लोकांच्या विश्वासावर चालतो त्यांना सांगावे लागणार नाही.

त्यांना तेव्हा जे पुरेसे सांगता आले नाही, ते इथे सांगतो. हा गणवेश धर्माची गाय नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांनुसार सरकारी शाळेतील मुलाला पाठ्यपुस्तके, लेखनसाहित्य आणि गणवेश मोफत मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठीचा पैसा जनतेच्या करांतून येतो. साबण घेणारी मजूर बाईही तो कर भरते. हक्काच्या वस्तूचे माप बघणे हे पालकाचे कामच आहे. तसेच, त्याच कायद्याने व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवून दिले आहे, ते चहा पिऊन सह्या करण्यासाठी नव्हे. राहिला प्रश्न माझ्या स्वार्थाचा. त्याच बैठकीत मी लेखी दिले की माझी मुले या शाळेत आहेत तोवर शाळेच्या गणवेशाचा एक टाकाही मी पैसे घेऊन घालणार नाही, आणि ते इतिवृत्तात नोंदवून घ्यायला लावले. ते पान आजही शाळेच्या दप्तरात आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी ते पाहावे.

डिसेंबर २०२४ मध्ये शासनानेच निर्णय बदलला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आले. आमच्या समितीने उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीच प्रत्येक मुलाचे माप वहीत घेतले. मापे मी घेतली, विनामूल्य, आणि प्रत्येक मापात वाढीव लांबी धरली. रंगापेक्षा जास्त वेळ गेला तो मुलींच्या पोशाखावर. सहावी-सातवीच्या मुलींच्या आयांनी स्पष्ट सांगितले की मुली वाडीवरून सायकलने येतात, त्यांना स्कर्ट नको, सलवार-कमीज हवी. शिलाईसाठी तीन ठिकाणची दरपत्रके मागवली आणि काम शेजारच्या गावातल्या एका महिलेला दिले. कपडे वेळेत आले, अंगाला बसले. त्या ज्येष्ठ सदस्यांच्या नातवाचाही गणवेश नीट बसला. आपले शब्द त्यांनी अजून मागे घेतलेले नाहीत.

आता काही गोष्टी आपल्यासाठी, कारण आपण मुलाला या वर्षी सरकारी शाळेत घालण्याच्या विचारात आहात असे लिहिले आहे. सक्तीविषयी माझी एकच अट आहे आणि ती कडक आहे: गणवेश नाही म्हणून मुलाला वर्गाबाहेर उभे करता कामा नये, मग कारण कोणतेही असो. पावसाळ्यात दोन जोड वाळत नाहीत, हे शिक्षकांनी समजून घेतले पाहिजे. त्याहून पुढे, सक्ती असावी की नसावी यावर डोके शिणवू नका. समितीची बैठक कधी आहे ते विचारा आणि तिथे जा. मापे कोण घेणार, कधी घेणार, दरपत्रके मागवली का, मोठ्या मुलींच्या पोशाखाबद्दल त्यांच्या आयांना विचारले का, हे प्रश्न तिथे विचारा.

सगळ्याच समित्या चांगल्या चालतात असे माझे म्हणणे नाही. काही ठिकाणी मुख्याध्यापक आणि एखादा दुकानदार मिळून सगळे ठरवतात आणि पालकांच्या सह्या घरपोच गोळा होतात; तिथे अधिकार समितीकडे असून उपयोग शून्य. एकसारख्या खरेदीमागे असा गैरव्यवहार टाळण्याचा हेतू असेल तर तो मला मान्य आहे. बचत गटांतील ज्या बायकांना त्या वर्षी काम मिळाले होते, त्यांचे ते गेले, हे नुकसानही खरे आहे. समित्यांनी त्यांनाच मापे देऊन काम द्यावे, त्या उत्तम शिवतील. आणि ३०० रुपयांत टिकाऊ कापड आणि शिलाई बसवणे मोठ्या मुलांच्या बाबतीत फार अवघड जाते, ही रक्कम वाढवल्याशिवाय कोणतीही पद्धत पूर्ण यशस्वी होणार नाही. खासगी शाळांचे गणित निराळे आहे, त्याबद्दल मी इथे बोललेलो नाही.

गणवेश हातात आला की वाटपाच्या यादीवर सही करण्यापूर्वी तो मुलाला तिथेच घालून पाहा. पँट उलटी करून खालची दुमड बघा, बाजूच्या शिवणीत माया आहे का ते बघा, काजांतून बटणे घालून काढून पाहा आणि शर्टाची बाही खांद्यापाशी दोन्ही हातांनी जरा ताणून बघा. यांत काही कमी असेल तर सही करू नका. मुख्याध्यापकांना दोन ओळींचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या, कारण सही झाल्यावर त्या मुलाला गणवेश मिळाला अशीच नोंद वर जाते.