कोड १२ म्हणजे बारावी नव्हे: इकॉनॉमेट्रिक्स शिकणाऱ्यास पत्र

प्रिय विद्यार्थिमित्रा,

इकॉनॉमेट्रिक्सचं, म्हणजे आकडेवारीतून आर्थिक संबंध मोजण्याच्या शास्त्राचं, पुस्तक पहिल्या पानापासून वाचत बसू नकोस. आधी एक प्रश्न हातात घे: शिक्षणाचं एक वर्ष वाढलं की पगार किती वाढतो? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या पीएलएफएस या श्रमबल पाहणीचा व्यक्तिनिहाय डेटा मोफत मिळतो. त्यातून महाराष्ट्रातले १५ ते ५९ वयाचे नियमित पगारदार वेगळे काढ.

रिग्रेशनची, म्हणजे शिक्षणानुसार पगार किती बदलतो ते मोजणारं समीकरण बसवण्याची, घाई नको. निम्म्याहून अधिक वेळ डेटा समजून घेण्यात जाईल, आणि तो जायलाच हवा. शैक्षणिक पातळीच्या रकान्यात १० म्हणजे दहावी नव्हे, उच्च माध्यमिक; १२ म्हणजे बारावी नव्हे, पदवी. हे कोड वर्षं समजून मॉडेलमध्ये घातलेस तर सॉफ्टवेअर बिनतक्रार आकडा देईल, आणि तो साफ चुकलेला असेल. शिक्षणाच्या वर्षांचा रकाना वेगळा आहे, तो घे. मॉडेलमध्ये पगार नव्हे, पगाराचा लॉग (लॉगॅरिदम) घ्यायचा आहे; शून्याचा लॉग निघत नाही, म्हणून शून्य पगाराच्या ओळी गाळाव्या लागतील. किती गाळल्या ते लिहून ठेव.

मग कुठल्याही दहा ओळी घे. पगाराचा लॉग आणि शिक्षणाची वर्षं यांचं सहविचरण (दोन्ही एकत्र किती बदलतात त्याचं माप) काढ, त्याला शिक्षणाच्या विचरणाने (ते एकटं किती पसरलंय त्याच्या मापाने) भाग. सगळं वहीत, हाताने. याच दहा ओळींवर सॉफ्टवेअरने दिलेला सहगुणक (शिक्षण एक वर्षाने वाढलं की लॉग किती बदलतो तो आकडा) याच्याशी जुळला की सूत्र कायमचं डोक्यात बसतं.

आता अनुभव घाल: वय वजा शिक्षणाची वर्षं वजा ६. सोबत त्याचा वर्गही. वय मात्र वेगळं घालू नकोस. ते शिक्षण आणि अनुभव यांच्यातूनच तयार होतं, त्यामुळे सॉफ्टवेअर तिघांपैकी एकाला बाहेर काढतं.

अर्थ लावताना जपून. शिक्षणाचा सहगुणक ०.०८ आला तर साधारण ८ टक्के म्हणता येतं. पण 'स्त्री' या डमीचा (स्त्री असेल तर १, नसेल तर ० अशा रकान्याचा) −०.५ आला तर पगार ५० टक्क्यांनी नव्हे, सुमारे ३९ टक्क्यांनी कमी असतो. लहान आकड्यांना चालणारा ठोकताळा मोठ्यांना चालत नाही.

एकाच गावातली किंवा शहरी ब्लॉकमधली माणसं एकमेकांसारखी असतात. म्हणून स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता, त्या पहिल्या टप्प्याच्या नमुना घटकानुसार (गाव किंवा ब्लॉक) क्लस्टर कर, म्हणजे एका घटकातली माणसं एक गट धरून मोज, नाहीतर ती सहसा खोटी लहान दिसते.

सर्वांत अवघड मुद्दा शेवटी येतो. हुशारी आणि घरची परिस्थिती डेटात पूर्ण पकडता येत नाही, पण त्यांचा शिक्षणाशीही संबंध असतो आणि पगाराशीही. त्यामुळे ०.०८ हा निव्वळ शिक्षणाचा परिणाम आहे असं लिहू नकोस. आईवडिलांचं शिक्षण घालून बघ. एकत्र राहणाऱ्यांचंच ते सापडेल, म्हणजे नमुनाही बदलेल. आईवडिलांच्या शिक्षणाशिवायचा आणि त्यासह असे दोन्ही तक्ते शेजारी ठेव, प्रत्येकाखाली किती ओळी उरल्या ते लिही आणि सॉफ्टवेअरला दिलेल्या आज्ञांच्या कोडसकट पाठव.

सप्रेम आशीर्वाद.