पगाराची मर्यादा आणि तुझी पहिली टीम

फुटबॉलची टीम बांधायला घेतलीस आणि खेळाडूंची यादी स्ट्रायकरपासून, म्हणजे पुढे राहून गोल मारणाऱ्यापासून, सुरू केलीस, तिथेच थांब. मीही तेच केलं होतं. पगारासाठी ठरलेल्या बजेटचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका परदेशी खेळाडूवर ओतला, नोव्हेंबरात त्याचा गुडघा गेला आणि बेंचवर उरली अनुभव नसलेली पोरं. अख्खा मोसम हातचा गेला.

आधी नियम वाच. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग, आपली फुटबॉल लीग) २०२१-२२ पासून मैदानात एका वेळी चारच परदेशी. म्हणजे उरलेले सात आपले, आणि टीमची खरी पत तेच ठरवतात. १३ मार्च २०२१ ची फायनल आठव: ९० व्या मिनिटाला मुंबई सिटीला जिंकून देणारा गोल मणिपूरच्या बिपिन सिंगचा होता.

चांगला भारतीय सेंटर बॅक, म्हणजे गोलसमोर मधोमध बचाव करणारा, दुर्मीळ, म्हणून महाग. तिथे घासाघीस करू नकोस, पैसे मोज. वाचव कुठे? फुलबॅकला, म्हणजे कडेच्या बचावपटूला. वीस-एकवीसचा पोरगा भाव चढायच्या आत तीन वर्षांसाठी बांधून घे. त्यासाठी बांद्र्याच्या नेव्हिल डिसोझा मैदानावर जाऊन बस (१९५६ च्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारणारा तोच नेव्हिल). बॉल पायात असताना सगळेच छान दिसतात रे. बॉल गेल्यावर पहिली पाच पावलं कोण मागे धावतो, ते वहीत लिही. सत्तराव्या मिनिटानंतर पुन्हा बघ.

आणि जानेवारीच्या खिडकीसाठी, म्हणजे मोसमाच्या मध्यात नवे खेळाडू घेता येतात त्या मुदतीसाठी, थोडी रक्कम बाजूला ठेव. मालकांनी कितीही आग्रह केला तरी ऑगस्टमध्ये तिला हात लावू देऊ नकोस.